झाडाखालची हाक

परभणीहून पालमला जाणाऱ्या एसटीत माझं नाव ‘रडवणारी बाई’ होतं. हे नाव पाडलं एका कंडक्टरनं. माझी एक पेशंट गाडीत डोळे पुसत बसलेली त्यानं बघितली, आणि पुढच्या खेपेला पोखर्णीच्या फाट्यावर गाडी गच्च भरली तेव्हा ओरडला, "सरका जरा, रडवणाऱ्या बाईला बसू द्या. लय लांब जाऊन रडवायचंय तिला!" सगळी गाडी हसली. मीही हसले, आणि बसायला जागा मिळते म्हटल्यावर नाव बदलून घ्यायच्या भानगडीत पडले नाही.

आता निवृत्त झाले, गुडघे दुखतात, एसटीत कुणी ओळखत नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा पहिल्यांदा तो कंडक्टरच आठवला. कारण त्याचं फारसं चुकलं नव्हतं. मी समुपदेशक होते आणि नोकरीची शेवटची वर्षं एका संशोधन प्रकल्पात काढली. अपघात, आग, पूर, वीज अशा प्रसंगांतून जीव वाचतो, पण काही माणसं तिथून परत येतच नाहीत. शरीर घरी येतं, मन तिथंच उभं राहतं. कुकरची शिट्टी वाजली की दचकतात, झोपेत ओरडतात, जिथं घडलं त्या रस्त्याला पुन्हा फिरकत नाहीत. याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. आमच्याकडं ‘भ्यालंय’, ‘धसका घेतलाय’, ‘बाहेरचं लागलंय’ असं म्हणतात आणि लिंबू उतरवून टाकतात.

आमचा उपचार ऐकला की लोक मलाच वेड्यात काढायचे. डोळे मिटायचे आणि जे घडलं ते आत्ता घडतंय असं सांगायचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ते फोनवर रेकॉर्ड करून द्यायचं आणि पेशंटनं घरी रोज ऐकायचं. शिवाय ज्या बिनधोक्याच्या गोष्टी भीतीपोटी सोडल्या, त्या पायरीपायरीनं पुन्हा धरायच्या. "म्हंजे जखमेवरची खपली काढायची?" एकानं विचारलं. मी म्हटलं, "आत पू असला तर काढावीच लागते दादा."

प्रश्नावली पुण्याच्या मराठीत तयार होऊन आली होती. ‘आपल्या माणसांत आपल्याला परकं वाटतं का?’ असा एक प्रश्न. एका बाईनं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "सासरी नांदते मी बाई. परकं न वाटून कसं चालंल?" तसंच लिहिलं असतं तर बिचारीचा आजार कागदावर उगीच वाढला असता. मग आमच्या मोठ्या डॉक्टरबाई, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, स्वतः खेड्यात येऊन बसल्या आणि एकेक प्रश्न इथल्या बोलीत करून घेतला. एवढी शिकलेली बाई, पण ओट्यावर मांडी घालून म्हातारीला विचारायची, "मावशी, हे तुम्ही कसं म्हणाल?" मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

संशोधन म्हटलं की चिठ्ठी आली. निम्म्या लोकांना उपचार लगेच, निम्म्यांना काही महिन्यांनी. कुणाला कधी, हे बंद पाकीट ठरवणार. माया आली म्हणून आपल्या आवडीच्या माणसाला पुढं ढकलायचं नाही, नाहीतर उपचारानं बरं वाटलं की नुसत्या काळानं, हे कळणार कसं? आणि कुणाला किती गुण आला ते मोजायला वेगळा पोरगा यायचा. समोरचा कुठल्या गटातला हे त्याला कळता कामा नये, म्हणून आम्ही पेशंटला बजावायचो, त्याला आमच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आमची माणसं काय बोलावी! पोरगा दारात दिसला की, "या सर, बसा. बाईनी तुमाला कायबी सांगायचं न्हाई म्हनून सांगितलंय." झालं, तिथंच सगळं कळलं.

सगळे बरे झाले असं सांगून फुशारकी मारणार नाही. पाथरीच्या रस्त्यावर जीप चालवणारा एक जण होता. गाडी उलटली त्यात तो वाचला. दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. घरी गेले तर मागच्या दारानं निघून गेला. आजही पाथरीच्या स्टँडवर दिसतो, जीपकडं पाठ करून बसलेला. ‘रडवणारी बाई’ त्याला काही रडवू शकली नाही, हे मनाला लागून राहिलंय.

पण मला लिहायचंय ते कौसाबद्दल, तिला विचारूनच.

पालमच्या पलीकडं माळावर मेंढपाळांची चार घरं आहेत, त्यातल्या एका घरची ही सून. तिशीच्या आतली, काटक, बोलायला चटपटीत. वळवाच्या पावसात ती आणि तिचा नवरा भगवान मेंढरं घेऊन रानात होते. वीज पडली. भगवान जागीच गेला. ही लांब फेकली गेली, पण वाचली. तेव्हापासून आभाळात ढग दिसला की घरात जाऊन गोधडीखाली शिरायची, दात आवळून. झाडाच्या सावलीत पाय ठेवायची नाही. घरात आता ती आणि तिचा सासरा, लिंबाजी, दोघंच. म्हातारा मेंढरं जवळपास फिरवून आणायचा, पण त्याची कंबर कामातून गेलेली. त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "दसऱ्यापस्तोर बघतो बाई. पोरीला जमलं तर ठीक, न्हाई तर यापाऱ्याला बोलवून मेंढरं देऊन टाकतो. उपाशी मारायची का मुकी जितराबं?"

म्हातारा वाईट नव्हता, खरंच बोलत होता. पण कौसानं मला बाजूला घेतलं. "मेंढरं गेली की मी या घरात कोन हो बाई? लेकरू न्हाई, नवरा गेला. मेंढरामागं चालते म्हनून भाकरीवर हक हाय माझा."

त्याच दिवशी लिंबाजीबाबांनी कंबरेचं रडगाणंही गायलं. "शेजारच्या गावात एक पायाळू म्हातारी व्हती. एक लाथ घातली पाठीत की उसन गायब! मेली बिचारी. आता पायाळू मानूस हुडकून सापडंना. दवाखान्यात नुसत्या गोळ्या देतेत." जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्यानं लाथ मारली की पाठीतली उसण जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. मी पिशवीतून बाम काढून दिला. कौसा तेवढ्यात उठून आत गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. चहा काही आला नाही.

मग कौसाचं पाकीट फोडायची वेळ आली. ‘काही महिन्यांनी’ निघालं असतं तर दसरा हातचा गेला असता. माझ्या वडिलांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हाच घरातले नवस-सायास संपले. तरी त्या दिवशी मी मनातल्या मनात कुणाला तरी हात जोडले. चिठ्ठी निघाली, ‘लगेच’. डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "आनंद दाखवू नका." पण त्यांचाही आवाज जरा हलका झालेला मला कळला.

गावात एकांत मिळवणं ही या उपचारातली सगळ्यात अवघड पायरी. उपकेंद्राची लसीकरणाची खोली मिळाली, पण खिडकीत गर्दी. शेवटी तिथल्या नर्सबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागल्या. कुणी डोकावलं की विचारायच्या, "सुई टोचायची का?" मग कुणी थांबत नसे.

कौसानं डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. मी थक्कच झाले. कुठं अडखळणं नाही, रडणं नाही. मेंढरं गोळा झाली, वारा सुटला, आभाळ फाटलं, लोक धावत आले, जीपमधून पालमला नेलं, सगळं पाठ केल्यासारखं. मी पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा तेच, त्याच शब्दांत. संध्याकाळी गाडीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडं मयत झालं की माणसं भेटायला येतात आणि बसल्याबसल्या पहिलं काय विचारतात? "कसं कसं झालं गं?" पाहुणे, भावकी, आजूबाजूची गावं, जो येईल त्याला कौसानं हे सांगितलं होतं. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती. आमचा उपचार सांगण्याचा, आणि हिचं तर सांगून झालेलं! मग बरी का होत नाही?

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "गोष्टीत भोक कुठं आहे ते बघा. माणूस जिथून पळतो तिथंच जाऊन थांबायचं." हे वाक्य मी पुढं कितीतरी जणांना शिकवलं.

पुढच्या वेळी मी कान देऊन ऐकलं. "आभाळ फाटलं, आन् लोकं आले." मी म्हटलं, "थांब. त्याच्या आधी. आभाळ भरून आलंय, तू कुठं उभी आहेस?"

कौसानं बसल्या जागी पाय जवळ ओढले. मग तिचा श्वास बदलला.

"मी बांधावर हाय."

"भगवान?"

"ते बाभळीखाली. खोडाला पाठ लावून. हाक मारायलेत मला. ‘कौसे, ये की हिकडं, झाडाखाली ये!’ मी न्हाई म्हनायलेय. मान हलवायलेय."

"का नाही म्हणतेस?"

ती डोळे मिटूनच रडायला लागली. आधी कधी रडली नव्हती. "मी पायाळू हाय बाई."

पायाळू माणसावर वीज पडते, ही दुसरी समजूत. ती मला त्या क्षणापर्यंत आठवली नव्हती. कौसाच्या आईनं लहानपणापासून पोरीला बजावलं होतं, आभाळ गरजायला लागलं की कुणाच्या शेजारी उभी राहू नकोस. पाऊस आला की घरात कोंडायची. लग्न जमवताना मात्र ही गोष्ट गिळली, नाहीतर मेंढपाळाच्या घरात पायाळू सून कोण करून घेणार?

"मंग लय मोठ्यांदा गरजलं," कौसा म्हणाली. "मी भ्याले. पळायलेय मी. तेच्याकडं पळायलेय. तेनं हात पुढं केलाय..." इथं तिनं स्वतःचाच हात मागं ओढला. म्हणाली, "आभाळ मला हुडकत आलं आन् तेला घेऊन गेलं. मी बांधावरच थांबले असते तर?"

एवढा धोंडा उरावर घेऊन ही बाई पाहुण्यांना ‘कसं कसं झालं’ सांगत बसली होती! मला तिचा हात धरून रडावंसं वाटलं. पण आमच्या कामात रडायची पाळी पेशंटची असते. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून सांग." तिनं सांगितलं. त्या दिवशी तिनं ते भोक पुन्हा पुन्हा पार केलं. मी या कामात पुष्कळ धीराची माणसं बघितली, पण असा धीर क्वचित.

आधीची रेकॉर्डिंगं ती घरी नेऊन ऐकत असे, तेही वाडग्यात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या आवारात, त्यांच्या मधे बसून. "मेंढरं ऐकतेत, कुनाला सांगत न्हाईत," म्हणायची. हे मात्र तिनं सासऱ्याला भिऊन नेलं नाही. "मामाच्या कानावर गेलं तर मला दारात उभं करनार न्हाई." मी म्हटलं, "माझ्यापाशी राहील." आता माझ्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा. लिंबाजीबाबा दर खेपेला विचारायचे, "काय म्हनती पोरगी?" आणि मी म्हणायची, "बरंय." पण हे कामच असं. तिची गोष्ट तिची, सांगायची की नाही तेही तिचं.

मी तिला ‘ही अंधश्रद्धा आहे’ असं भाषण दिलं नाही. भाषणानं कुणाचं काही जात नाही. फक्त विचारलं, "लग्नानंतर भगवानसोबत रानात जायचीस ना? पावसातही?"

"जायची की. मेंढरं पाऊस बघून थांबतेत व्हय?"

"वीज व्हायची?"

"लय व्हायची."

"मग इतके पावसाळे आभाळाला तू दिसली नाहीस का?"

ती बोटांवर पावसाळे मोजायला लागली. "माळावर दुसरं झाड कुठलं होतं?" मी विचारलं. "कुठलंच न्हाई," ती हळूच म्हणाली. "ती एकच बाभळ."

त्यानंतर कामाला वेग आला. स्वच्छ उन्हात झाडाखाली बसायची पायरी झाली. फोनवर गडगडाट ऐकायची झाली. पांढऱ्या ढगात एकटीनं ओढ्यापर्यंत जाऊन यायची झाली. खरा गडगडाट ऐकू आला की मात्र झाड सोडायचं आणि घर गाठायचं. ती भीती आम्ही काढत नाही, ती सांभाळूनच ठेवायची असते. रात्रीची झोप लागायला लागली, गोधडी सुटली. पण मेंढरं घेऊन निघाली आणि एखादा ढग आला की वेशीवरून माघारी. "एकटी असले तर काय वाटत न्हाई बाई. मेंढरं संगं असली की वाटतं, माझ्यामुळं हेंच्यावर पडंल." डोक्याला पटलं होतं, पोटाला पटलं नव्हतं. आणि दसरा येऊन ठेपला होता.

शेवटच्या खेपेला मी पोचले तर दारात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा. कौसा वाडग्याच्या तोंडाशी, काठी हातात. व्यापारी एडक्याचे दात बघायचे म्हणत होता. लिंबाजीबाबा एडका धरायला वाकले आणि "अगं आई गं!" करून तिथंच बसले. उसण भरली होती. बसताही येईना, उठताही येईना. शेवटी मातीतच पालथे झाले. मी पिशवीत बाम शोधायला लागले. व्यापारी घड्याळ बघत होता.

कौसानं काठी कुडाला टेकवली. चपला काढल्या. म्हाताऱ्यापाशी आली आणि म्हणाली, "मामा, हलू नका."

आणि तिनं सासऱ्याच्या पाठीवर पाय ठेवला.

"अगं ए! सासऱ्याला पाय लावती?" व्यापारी ओरडला. लिंबाजीबाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"मी पायाळू हाय मामा," कौसा म्हणाली. आवाज थरथरत होता, पाय नव्हता. "लगनात मायनं सांगितलं न्हाई. त्या दिशी मी पळत तेच्यापाशी गेले. म्हनून..."

म्हातारा मातीत तोंड घालून पडलेला. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही घराबाहेर.

"मंग हलकं कशाला ठिवतीस?" मातीतून आवाज आला. "घाल की जोरात."

कौसानं लाथ घातली. म्हातारा कण्हला. "आनखी एक." तिनं आणखी एक घातली, आणि रडत रडत खालीच बसली. लिंबाजीबाबा हात टेकत उठून बसले. उसण लाथेनं गेली की आपोआप, मला विचारू नका. एका माणसावरून आमच्या शास्त्रात काही सिद्ध होत नाही. त्यांनी तोंडावरची माती पुसली नाही. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यामुळं न्हाई गं पोरी. इतकी वर्सं संगं फिरली तेच्या, मला म्हाईत न्हाई व्हय? माझी मायबी पायाळू व्हती. रानात जिंदगी काढली आन् म्हातारी हून खाटंवर मेली."

मग व्यापाऱ्याकडं बघून म्हणाले, "जा बाबा. मेंढरं इकायची न्हाईत." व्यापारी पुटपुटत टेम्पोत बसला.

कौसानं पदरानं तोंड पुसलं, काठी घेतली. पश्चिमेला थोडे ढग होते. तिनं त्यांच्याकडं चांगलं निरखून बघितलं, माझ्याकडं नाही. "गडगडलं की येते माघारी," म्हणाली आणि वाडग्याचं तोंड उघडलं. मेंढरं निघाली, त्यांच्यामागं ती निघाली. माझ्या नोकरीत मला मिळालेलं बक्षीस म्हणाल तर ती पाठमोरी कौसा. वेशीपाशी ती थांबते की काय म्हणून मी बघत होते. ती थांबली नाही.

"कौसे!" म्हाताऱ्यानं एकदम केवढ्यानं हाक मारली. "झाडाखाली थांबू नको गं!"

तिनं काठी वर करून दाखवली. म्हातारा बघत राहिला. पार दिसेनाशी झाली तरी बघत राहिला. मग माझ्याकडं न वळताच म्हणाला, "बाई, ते डोळे मिटून सांगायचं... म्हाताऱ्या मानसाचं बी करता का तुमी?"

इतक्या खेपा मी त्या घरात गेले, पण याला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. वीज याच्या अंगावर पडली नव्हती, तेव्हा हा आमच्या कुठल्याच गटात बसत नव्हता. मी फोन पिशवीत टाकला आणि त्याच्या शेजारी मातीत बसले.

"करते की बाबा. सांगा."

लिंबाजीबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे मिटा, आत्ता घडतंय असं सांगा, यातलं काहीच मला सांगावं लागलं नाही.

"भगवान ल्हान हाय," ते म्हणाले. "पाऊस यायलाय. पोरगं रानात मधीच भिजत उभं हाय. आन् मी... मी हाक मारायलोय तेला, झाडाखालून."